गहाण मुलखाचा वकील

गणेश श्रीकृष्ण ऊर्फ दादासाहेब खापर्डे हे नाव मराठी वाचकांस दोन कारणांनी परिचित आहे. लोकमान्य टिळकांच्या चरित्रात ते ठिकठिकाणी भेटतात. आणि शिर्डीच्या साईबाबांच्या भक्तमंडळींत त्यांच्या रोजनिशीचा दाखला आजही दिला जातो. परंतु ह्या दोन्ही ठिकाणी ते कोणा थोर पुरुषाच्या शेजारी बसलेले दिसतात, आणि शेजारी बसलेल्या माणसाचा स्वतंत्र विचार सहसा कोणी करीत नाही. आमच्या मते तो करण्यास एक सबळ कारण आहे. न्यायाधीशाचे आसन, वकिलाचा मंच आणि विधिमंडळाचे बाक ह्या कायद्याच्या तिन्ही जागा त्यांनी स्वतः अनुभविल्या, आणि त्याही अशा मुलखात अनुभविल्या की ज्याला स्वतःचा म्हणून कायदाच नव्हता. तो मुलूख म्हणजे वऱ्हाड.

हा विषय कुम्हारीसारख्या ठिकाणी बसून लिहावयास घ्यावा ह्याचे कोणास नवल वाटेल. कुम्हारी हे दुर्ग जिल्ह्याच्या पूर्व काठावरचे, नागपूर-हावडा लोहमार्गावरील गाव. खारुन नदी ओलांडली की रायपूर जिल्हा लागतो. अमरावती येथून पुष्कळ दूर. पण १९०३ पासून १९५६ पर्यंत हा मुलूख आणि अमरावती एकाच प्रांताच्या कारभाराखाली होते, आणि त्या प्रांताची राजधानी होती नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचनेने वऱ्हाड व नागपूरकडील मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, छत्तीसगड मध्य प्रदेशात राहिले, आणि २००० साली ते स्वतंत्र राज्य झाले. इकडे स्थायिक झालेल्या मराठी मंडळींना नागपूर-अमरावतीची आठवण येते ती केवळ सोयरिकीमुळे नव्हे. तिच्या मुळाशी हा समाईक राज्यकारभारही आहे.

वऱ्हाडची त्या काळची स्थिती मोठी विलक्षण होती. निजामाने ठेवून घेतलेल्या फौजेचा खर्च थकला, त्या थकबाकीपोटी १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती आला. १८६० मध्ये तहाची दुरुस्ती झाली. जमिनीवरील सार्वभौमत्व निजामाचे, कारभार इंग्रजांचा, आणि देखरेख हैदराबादच्या रेसिडेंटाची, अशी ही त्रिस्थळी यात्रा होती. ब्रिटिश हिंदुस्थानात संमत झालेला कायदा वऱ्हाडात आपोआप लागू होत नसे. तो लागू करावयाचा तर सरकारला निराळा हुकूम काढावा लागे, कारण कायद्याच्या काटेकोर भाषेत वऱ्हाड हे ब्रिटिश हिंदुस्थानच नव्हते. सावकाराने शेत गहाण ठेवून घ्यावे, पीकही त्यानेच काढावे, आणि सातबारावर नाव मात्र मूळ मालकाचे राहावे, असा हा व्यवहार होता. आणि त्या शेतात राबणाऱ्या कुळाला गहाणखताच्या अटी ठरविताना कोणी विचारले नव्हते.

ह्याच मुलखात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पैशाचा मोठा लोंढा आला. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथला कापूस अडकून पडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. आगगाडी वऱ्हाडात आली. १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले आणि त्यांच्या हस्ते तेथील लोहमार्गाची शाखा व कापसाचा बाजार खुला झाला. 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण जुनीच; पण कुऱ्हाडीला धार असते हेही लोकांस ह्या काळात कळले. कापसाबरोबर आडत्या आला, आडत्याबरोबर कर्जरोखा आला, आणि रोख्यामागोमाग कोर्ट आले. जेथे नवा पैसा आणि नवी लिखापढी एकदम येते, तेथे वकिलाची जात आपोआप निर्माण होते.

येथे अमेरिकेचा थोडा विचार करणे अप्रस्तुत होणार नाही. त्या देशाच्या पश्चिम सीमेवर गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात वकील, न्यायाधीश आणि विधिमंडळाचा सभासद ह्या तिन्ही भूमिका एकाच माणसाने वठविल्याची कितीतरी उदाहरणे आहेत. अब्राहम लिंकन ज्या फिरत्या कोर्टात वकिली करीत, त्याचे न्यायाधीश डेव्हिड डेव्हिस हे त्यांतलेच. इलिनॉयमध्ये वकिली, मग तेथील विधिमंडळाचे सभासदत्व, १८४८ पासून फिरत्या कोर्टाचे न्यायासन, १८६२ मध्ये सर्वोच्च न्यायालय, आणि १८७७ मध्ये सिनेट, असा त्यांचा प्रवास झाला. व्यक्तीच्या कर्तृत्वाबरोबरच त्यामागे एक व्यवस्था होती. १७८७ च्या कायद्याने ओहायो नदीच्या वायव्येकडील नव्या मुलखासाठी एक शिडीच बांधून ठेविली होती. प्रथम वरून नेमलेला गव्हर्नर आणि तीन न्यायाधीश. जुन्या राज्यांचे कायदे उचलून तेच लागू करणार. सज्ञान असे पाच हजार स्वतंत्र पुरुष झाले की स्वतःचे विधिमंडळ, आणि काँग्रेसमध्ये बोलण्याचा, पण मत न देण्याचा, अधिकार असलेला एक प्रतिनिधी. स्वतंत्र रहिवाशांची वस्ती साठ हजारांवर गेली की जुन्या राज्यांच्या बरोबरीचे राज्य. त्या भूमीच्या मूळ रहिवाशांना ह्या शिडीची एकही पायरी मिळाली नाही. उलट त्यांना हुसकावूनच ती उभी राहिली, हे विसरून चालणार नाही. पण जे वसाहतीस गेले त्यांच्यापुरते पाहता, त्यांच्या अपुरेपणाला एक आकडा होता. तो भरला की अपुरेपणा संपत असे.

वऱ्हाडलाही बाहेरचे कायदे उचलून लावले जात. वऱ्हाडातही अधिकारी वरून नेमले जात. मात्र वऱ्हाडच्या अपुरेपणाला आकडा नव्हता. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने निजामाशी नवा करार केला. वर्षाला पंचवीस लाख रुपये खंड, आणि मुदत कायमची. दुसऱ्या वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभारास जोडले गेले. गहाणाचा कायमचा मक्ता झाला. सोडवणुकीची तारीखच राहिली नाही. दादासाहेबांच्या साऱ्या सार्वजनिक आयुष्याला ही पार्श्वभूमी आहे.

त्यांचा जन्म २७ ऑगस्ट १८५४ चा, म्हणजे वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेल्यानंतरच्या वर्षाचा. संस्कृत आणि इंग्रजी ह्या दोन्ही वाङ्मयांचा त्यांना मनस्वी नाद होता. मुंबईस शिकून ते १८७७ मध्ये बी. ए. झाले आणि १८८४ मध्ये एल्‌एल्. बी. १८८५ मध्ये ते सरकारी नोकरीत शिरले आणि पाच वर्षे वऱ्हाडात मुन्सफ व असिस्टंट कमिशनर म्हणून त्यांनी काम केले.

मुन्सफाचे काम बाहेरून दिसते तितके थंड नसते. त्याच्यासमोर येणारा वादी बहुधा रोखा घेऊन येतो आणि प्रतिवादी बहुधा रिकाम्या हाताने. रोख्यावर अंगठा आहे, साक्षीदारांच्या सह्या आहेत, तर मुन्सफाने काय करावे? असिस्टंट कमिशनरची गोष्ट आणखी अवघड. महसूल वसूल करणे आणि फौजदारी न्याय देणे ही दोन्ही कामे त्या काळी एकाच अंमलदाराकडे असत. सकाळी ज्याच्या अंमलाने दंड बसावा, दुपारी त्याच्यासमोरच दाद मागावी, ही पद्धत बंद करा, अशी मागणी काँग्रेस आरंभापासून करीत होती. ही मागणी दादासाहेबांना पुस्तकातून शिकावी लागली नाही. १८९० मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि अमरावतीस वकिली सुरू केली. सरकारी नोकरीची किंमत आम्हां कारकुनांना कोणी समजावून सांगावयास नको. पेन्शनचा हिशेब बोटांवर करणाऱ्या वर्गातून, न्यायासनावरून आपण होऊन उतरून खालच्या मंचावर उभा राहणारा मनुष्य विरळा.

अमरावतीच्या वकीलवर्गाचा तो बहराचा काळ होता. रंगनाथ नरसिंह मुधोळकर तेथलेच. १९१२ च्या बांकीपूर काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले. मोरोपंत जोशी तेथलेच; पुढे मध्य प्रांताच्या सरकारात ते गृहखात्याचे सभासद झाले. हे दोघे नेमस्त, आणि खापर्डे जहाल. एकाच बारमध्ये बसणाऱ्या ह्या मंडळींचे राजकारण वेगळे असले, तरी सार्वजनिक कार्याच्या गाड्याला ते बरोबरीने जुंपलेले असत. दादासाहेबांची वकिली जोरात चालली, आणि जितके मिळे तितके सढळ हाताने खर्चही होई. त्यांच्या घरी पाहुण्यांचा राबता सदैव असे. त्यांच्या ह्या थाटामुळे लोक त्यांना 'वऱ्हाडचे नबाब' म्हणत. वक्तृत्व विनोदी, पण विनोदाची नांगी तीक्ष्ण. सभा हसत असताना प्रतिपक्षाला ती केव्हा लागे ते कळतही नसे.

१८९७ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीस भरले आणि स्वागताध्यक्ष झाले खापर्डे. टिळक त्या वेळी राजद्रोहाच्या शिक्षेत तुरुंगात होते. अध्यक्ष होते मद्रासचे वकील चेत्तूर शंकरन नायर. वर सांगितलेली कायद्याची काटेकोर दृष्टी लावली, तर राष्ट्रीय सभेचे हे अधिवेशन ब्रिटिश हिंदुस्थानाच्या बाहेर भरले होते, आणि ब्रिटिश हिंदुस्थानच्या कायदे कौन्सिलांत अधिक जागा मागणारी ही मंडळी ज्या नगरीत जमली होती तिला स्वतःला त्या कौन्सिलांत बसण्याचा सरळ हक्कच नव्हता. त्या व्यासपीठावरील दोन वकिलांच्या पुढील वाटाही पाहण्यासारख्या आहेत. शंकरन नायर मद्रास हायकोर्टाचे न्यायाधीश झाले, मग व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद, आणि १९१९ मध्ये पंजाबातील अत्याचारांनंतर त्यांनी ती जागा सोडली. ते शिडीच्या वरच्या टोकास जाऊन उतरले. खापर्डे पहिल्याच पायरीवरून उतरले होते.

कायद्याचा कडू घोट दादासाहेबांना ताईमहाराज प्रकरणात प्यावा लागला. पुण्याचे सरदार बाबामहाराज पंडित १८९७ च्या ऑगस्टात वारले. त्यांच्या मृत्युपत्राने जे विश्वस्त नेमले त्यांत टिळक होते आणि खापर्डेही होते. १९०१ च्या जूनमध्ये औरंगाबादेस दत्तविधान झाले, आणि त्यावरून जो कज्जा उभा राहिला तो सर्वश्रुत आहे. १९०२ मध्ये जिल्हा न्यायाधीश ॲस्टन यांनी विश्वस्तांविरुद्ध निकाल दिला आणि टिळकांवर फौजदारी खटल्यास वाट मोकळी केली. १९०३ मध्ये खालच्या कोर्टात टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली, अपिलात ती सहा महिन्यांवर आली, आणि ४ मार्च १९०४ रोजी हायकोर्टाने ती रद्द केली. दिवाणी दाव्याचा शेवट मात्र १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलात झाला, आणि तो टिळकपक्षाच्या बाजूने झाला. औरंगाबादेस काय घडले हे जाणणाऱ्यांपैकी खापर्डे एक होते. एका कोर्टाने खोटे म्हणावे, दुसऱ्याने खरे म्हणावे, आणि मध्ये चौदा वर्षे जावीत! ह्यातून मनुष्य कायद्यावरचा विश्वास गमावतो, किंवा अपिलावरची त्याची श्रद्धा पक्की होते. दादासाहेबांच्या बाबतीत दुसरी गोष्ट झाली असे आम्हांस वाटते. त्यांच्या पुढच्या आयुष्याचे मर्म तेथेच आहे.

कारण २२ जुलै १९०८ रोजी टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली, तेव्हा खापर्डे यांनी चालती वकिली टाकून विलायत गाठली. उद्देश हा की प्रिव्ही कौन्सिलपुढे अपील न्यावे, आणि ते न साधल्यास पार्लमेंटच्या सभासदांचे कान उघडावेत. अपिलाची परवानगी नाकारली गेली. तरीही ते दोन वर्षे तेथे राहिले. परतताना रंगूनची वाट धरून १९१० च्या ऑक्टोबरात त्यांनी मंडालेच्या तुरुंगात टिळकांची भेट घेतली. वकील आपल्या पक्षकारास निकाल कळवावयास गेला. निकाल विरुद्ध गेला होता, इतकेच. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते शिर्डीस गेले, आणि पुढच्या वर्षाच्या अखेरीस पुन्हा जाऊन तीन महिन्यांहून अधिक काळ तेथे राहिले. सर्व कोर्टे हरलेल्या माणसाने कोणत्या दारी जावे हे इतरांनी ठरवू नये. त्या दिवसांतली त्यांची रोजनिशी मात्र, भक्तीच्या बहरातही, साक्षीची नोंद करावी तशी नेमकी आहे.

ह्यानंतरचा टप्पा विधिमंडळाचा. १९१८ मध्ये ते दिल्लीच्या वरिष्ठ कायदे कौन्सिलात होते. रौलट कमिटीचा अहवाल नुकताच बाहेर आला होता. त्या सप्टेंबरात खापर्डे यांनी ठराव आणला की ह्या अहवालाचा विचार तहकूब ठेवावा आणि आधी गुप्त पोलीस खात्याच्याच कारभाराची चौकशी करावी. ज्याने न्यायासनावर बसून पोलिसांची साक्ष ऐकली आहे आणि मंचावर उभे राहून तिची उलटतपासणी केली आहे, त्यालाच असा ठराव सुचावा. तो फेटाळला गेला. १९१९ च्या मार्चमध्ये हिंदी बिनसरकारी सभासदांचा विरोध डावलून, सरकारी मतांच्या जोरावर, रौलट कायदा संमत झाला. पुढचे जालियनवाला बाग सर्वांस ठाऊक आहे.

माँटेग्यू सुधारणांनंतर १९२१ मध्ये दिल्लीस कौन्सिल ऑफ स्टेट अस्तित्वात आली, तीत वऱ्हाडचे प्रतिनिधी म्हणून खापर्डे बसले. आता येथे एक दप्तरी बारकावा आहे, आणि दप्तरात आयुष्य घालविणाऱ्या आम्हांस तो फार बोलका वाटतो. वऱ्हाडात निवडणूक होई, मते पडत, मोजली जात. पण वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थान नसल्यामुळे तेथून निवडून आलेला मनुष्य 'निवडलेला' सभासद होऊ शकत नसे. लोकांनी निवडलेल्या त्याच माणसाची सरकार मग नेमणूक करी, आणि सभागृहाच्या कागदांत त्याची नोंद होई ती 'नियुक्त' अशी. मत लोकांचे, शिक्का सरकारचा. अमेरिकेच्या नव्या मुलखाचा प्रतिनिधी मताविना काँग्रेसमध्ये बसे, पण तो लोकांचा म्हणून बसे. वऱ्हाडच्या प्रतिनिधीला मत होते, फक्त तो कोणाचा हे कागद सांगत नव्हता.

ह्याच ठिकाणी दादासाहेबांवरचा मोठा आक्षेप येतो. १ ऑगस्ट १९२० रोजी टिळक गेले. सप्टेंबरात कलकत्त्यास असहकाराचा ठराव झाला आणि डिसेंबरात नागपुरास तो कायम झाला. वकिलांनी कोर्टे सोडावीत, पुढाऱ्यांनी कौन्सिलांवर बहिष्कार घालावा. खापर्डे यांना हे पटले नाही. जन्मभर जहाल म्हणून ओळखलेला मनुष्य कौन्सिलात जाऊन बसला, आणि देश त्यांना मागे टाकून पुढे गेला. नव्या पिढीने त्यांना विसरावे ह्यात नवल नाही.

त्यांची बाजू घ्यावयाची तर असे म्हणता येईल : ज्याच्या मुलखाला प्रतिनिधित्वाची अर्धीमुर्धी फट प्रथमच मिळाली, त्याला ती बुजवा म्हणणे सोपे नव्हे. पुण्या-मुंबईच्या माणसाला कौन्सिल सोडणे म्हणजे हातचे टाकणे होते. वऱ्हाडच्या माणसाला ते हाती येण्याआधीच टाकणे होते. विरुद्ध बाजूही तितकीच बळकट आहे. ज्या दस्तऐवजात आपले नावच नाही, त्याच्या कलमांवर वाद घालीत राहण्याने गहाण सुटत नाही. एक दिवस दस्तऐवजच नाकारावा लागतो. आमचा कौल ह्या दुसऱ्या बाजूस आहे. लाखो साध्या माणसांनी कोर्ट-कचेरीचे भय टाकले नसते, तर कोणत्याही अपिलाने स्वराज्य मिळाले नसते. परंतु हेही तितकेच खरे की दस्तऐवज नाकारल्यानंतर नवा लिहावा लागतो, आणि तो लिहावयास कलमांची जाण असलेली माणसे लागतात. मुन्सफाच्या आसनावर, वकिलाच्या मंचावर आणि कौन्सिलाच्या बाकावर तयार झालेल्या एका सबंध पिढीने ती जाण राखून ठेविली.

तिची फळे ह्याच प्रांतात दिसली. १९३७ मध्ये नवी प्रांतिक विधानसभा भरली तेव्हा तिचे सभापती झाले दुर्गचे वकील घनश्यामसिंह गुप्त, आणि १९५२ पर्यंत ते त्या जागी होते. अमरावतीचे आणि दुर्गचे आमदार तेथे एका छताखाली बसत. ह्याच्या आदल्याच वर्षी, १९३६ मध्ये, निजामाशी आणखी एक करार होऊन वऱ्हाडावरील त्याचे सार्वभौमत्व पुन्हा मान्य केले गेले आणि त्याच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला! १ जुलै १९३८ रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, दादासाहेब वारले तेव्हाही मुलूख गहाणच होता.

तो सुटला राज्यघटनेने. २६ जानेवारी १९५० पासून वऱ्हाड हे कोणाचे आणि कोणाच्या वतीने, हा प्रश्न उरला नाही. १९५१-५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत अमरावतीच्या मतदाराने निवडलेला माणूस निवडलेलाच ठरला. त्याला नेमणुकीचा हुकूम लागला नाही. इकडे छत्तीसगडात पोटापाण्यासाठी आलेल्या मराठी कुटुंबाचे नाव मतदारयादीत चढते, तेव्हा मूळ मुलूख कोणता आणि भाषा कोणती हे कोणी विचारत नाही. ही गोष्ट आपणांस इतकी सवयीची झाली आहे की तिची किंमत वाटेनाशी होते. ज्या माणसाने शहाण्णव वर्षे चाललेल्या गहाणातली चौऱ्याऐंशी वर्षे पाहिली, आणि कायद्याच्या तिन्ही जागांवर बसूनही 'लोकांनी निवडलेला' एवढे दोन शब्द ज्याच्या नावापुढे सरकारी कागदात लागले नाहीत, त्याचे चरित्र वाचल्यावर ती किंमत थोडीबहुत ध्यानी येते. निवडणुकीच्या दिवशी रांगेत उभे राहण्याचा कंटाळा करणाऱ्या आमच्या शिकलेल्या बांधवांनी ते अवश्य वाचावे.